नळाला हलकं पाणी आलं तेव्हा

गावात बाहेरून आलेला माणूस पहिल्याच अंघोळीला ओळखू यायचा. न्हाणीघरातून तो ओरडून विचारायचा, साबण जुना झालाय का म्हणून. साबणाला काही झालेलं नसायचं. नळाचं पाणीच इतकं जड होतं की अर्धी वडी झिजली तरी अंगावर फेस दिसायचा नाही. केस वाळले की त्यांच्या काड्या व्हायच्या, चहावर तवंग धरायचा, आणि सकाळी शेगडीवर चढवलेलं कडधान्य दुपारी दाताखाली कचकचायचं. किटलीच्या पोटात पांढरा थर असा साचायचा की शेवटी पाण्याला जागाच उरायची नाही. गावकऱ्यांना मात्र ह्यात वावगं काही वाटत नसे. पाणी असंच असतं, अशी त्यांची समजूत होती.

ह्या पाण्याला पुरून उरलेली बाई म्हणजे इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या मावशी. त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. इतरांच्या चादरी चार धुण्यांत करड्या पडत, मावशींच्या पांढऱ्या राहत. वाळल्यावर पुठ्ठ्यासारख्या ताठ त्याही होत, पण त्याला इलाज नव्हता. मावशी आधी पाण्यात सोडा टाकत, पाणी फुटल्या दुधासारखं झालं की वर आलेला चिकटा काढून फेकत, आणि मगच साबणाचा चुरा मुठीमुठीने सोडत. नवी बाई हात आखडता घेऊ लागली की त्या सांगत, आधी पाण्याचं पोट भरायचं, मग कपड्याच्या वाट्याला येतं. बादलीवर बोटभर फेस उभा राहिला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. गावात फेस कोणाला फुकट मिळत नसे. तो कमवावा लागे. तेवढं जमलं की दोन पाण्यांतून कपडे काढायचे आणि उन्हात टाकायचे.

मावशींचे यजमान नळदुरुस्ती करायचे. ज्या क्षाराशी बायको दिवसभर भांडायची, त्याच क्षाराने तुंबलेले नळ आणि गिझर हे त्यांचं पोट होतं. एकाच पाण्यावर दोघांचा संसार चालला, आणि बरा चालला. दोघांना एकच मुलगी. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, एवढं एकच दुःख. मावशी ते कोणापाशी बोलत नसत, कपडे जरा जोरात आपटत.

मावशी निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. लांबच्या धरणातून जलवाहिनी आली आणि गावाच्या नळांना हलकं, गोडं पाणी सुटलं. आणि मुलीला मुलगी झाली.

पाण्याने गाव हरखून गेलं. डाळी मिनिटांत शिजू लागल्या, बायकांचे केस मऊ झाले. यजमान तेवढे तोंड पाडून बसले. ह्या पाण्याने माझ्या पोटावर पाय दिला, असं येईल त्याला सांगत सुटले. मावशींना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. मुलगी बाळाला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बजावून टाकलं की बाळाच्या कपड्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. इतकी वर्षं लोकांची धुणी धुतली, आता नातीची.

त्यांनी नेहमीसारखा सोडा टाकला, नेहमीसारखा साबण सोडला. नातीचं धुणं म्हणून एक मूठ वरच. बघता बघता फेस बादलीवरून उतू गेला आणि मोरीभर पसरला. जन्मभर ज्याच्यासाठी मरमर केली तो असा आपण होऊन चालत आलेला पाहून त्या नुसत्या बघत राहिल्या. तो ओतून द्यायला त्यांचा हात होईना. त्याच फेसात त्यांनी दुपटी घोळवली, लंगोट घोळवले, दोन पाण्यांतून काढले आणि उन्हात टाकले. संध्याकाळी ते हातात घेतले तर काय, लोण्यासारखे मऊ. असं मऊ कापड त्यांच्या हातून कधी निघालं नव्हतं. नव्या पाण्याचा गुण, म्हणून त्यांनी ते आल्यागेल्याच्या गालाला लावून दाखवलं.

यजमान एकदा म्हणाले होते, की साबण बेताने घाल, हे पाणी वेगळं आहे. त्यावर तुम्ही नळ बघा, मी धुणं बघते, असं उत्तर त्यांना मिळालं. नवऱ्याने बायकोच्या कामात नाक खुपसलं की हेच व्हायचं, आणि एरवी ते रास्तच आहे.

थोड्याच दिवसांत बाळाच्या मांड्यांवर पुरळ उठलं. मग मानेवर, मग काखेत. कातडी लाल होऊन सोलवटली, आणि बाळ रात्रंदिवस किरकिरू लागलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि कपडे कशाने धुता म्हणून विचारलं. मुलीने तोंड उघडायच्या आत मावशींनी उत्तर दिलं, की तुमच्या इस्पितळाच्या चादरी ज्या हातांनी धुतल्या त्याच हातांनी. बाई ओशाळल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मलम लावलं की दोन दिवस बरं वाटे, धुतलेला कपडा गुंडाळला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कारण तर हवंच होतं. मावशींनी ते मुलीत शोधलं. आधी तिच्या ताटातलं आंबट गेलं, मग तिखट, मग बाकी सगळं. तरी पुरळ हटेना, तेव्हा त्या म्हणाल्या, तुझं दूधच सोसत नसेल लेकराला. हे त्या मायेनेच म्हणाल्या, आणि मायेने बोललेलं जास्त खोल लागतं. मुलीने बाळाला अंगावर घेणं बंद केलं. बाटली आली. वरचं दूध पीत बाळ आजीच्या मांडीवर असायचं, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडायची. इतक्या वर्षांनी आई झाले आणि मीच माझ्या लेकराला बाधले, एवढंच तिच्या डोक्यात फिरायचं. दुधाने पदर भिजायचा तो हळूहळू भिजेनासा झाला. मावशींना ते दिसत होतं. आपण करतोय ते बरोबरच आहे, असं त्या स्वतःला बजावत होत्या.

एका दुपारी बाळाचं अंग पुसायला मावशींनी वाटीत कोमट पाणी घेतलं आणि दोरीवरचा स्वच्छ वाळलेला लंगोट त्यात बुडवला. पिळला, तर पाणी दुधाळ झालं. वाटीच्या कडेला बुडबुडे धरले. मावशींनी दुसरा लंगोट घेतला, दुसऱ्या वाटीत बुडवला. पुन्हा तेच. तिसरा त्यांनी हातात धरला आणि तो किती मऊ लागतोय ते त्यांना कळलं. तो पाण्याचा गुण नव्हता. तो न निघालेला साबण होता, आणि सोडा.

मुलगी जागीच होती. तिचं लक्ष वाटीकडे नव्हतं. मावशींनी पाणी मोरीत ओतून टाकलं असतं, कपडे गुपचूप चार पाण्यांतून काढले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. बाळ आपोआप बरं झालं असतं. मनात हे आलं, आणि आलं ह्याचीच त्यांना शिसारी आली. कारण मग मुलगी जन्मभर हेच धरून बसली असती, की माझ्याच दुधाने लेकराची कातडी सोलली.

त्या वाटी घेऊन तिच्यापाशी जाऊन बसल्या.

"तुझं दूध नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "हे बघ. माझा साबण. लंगोटात राहिलेला. मी घातला तो."

मुलीने वाटीकडे पाहिलं, मग आईकडे. मावशींना वाटलं, आता ही बोलेल, वाट्टेल ते बोलेल, बोलू दे. ती एवढंच म्हणाली, "बाळाला माझ्याकडे दे. आणि तू बाहेर जा."

मावशी बाहेर आल्या आणि उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या. यजमान आले, काय झालं म्हणून विचारू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. आत बाळ रडत होतं. बाटलीची सवय लागलेलं बाळ अंगावर घेईल का, आणि घेतलं तरी त्याच्या तोंडी काही येईल का, हे मावशींना तरी कुठे ठाऊक होतं? आटलेलं दूध परत येतं असं म्हणतात. येतच असं नाही. रडणं वाढलं, थांबलं, पुन्हा वाढलं. मुलीचा दबका आवाज येत होता, तीही रडत असावी. मावशींना उठून आत जावंसं वाटत होतं, धरायचं कसं ते दाखवावंसं वाटत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग आत शांतता झाली. बाळ दमून झोपलं असेल, असं त्या धरून चालल्या.

"आई," आतून हाक आली. आवाजात राग तसाच होता. "पाणी दे प्यायला. घसा कोरडा पडलाय एकाएकी."

दूध उतरायला लागलं की बाईला अशी तहान लागते. ही मुलगी तान्ही असताना मावशींनाही लागायची, शोष पडल्यासारखी. मावशी धडपडत उठल्या, तांब्या भरून घेतला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत यायची परवानगी मिळेपर्यंत.