दोन ठोक्यांचं कुलूप
जुन्या कचेरीचे किस्से शेताच्या धुऱ्यावरच्या गवतासारखे. एक उपटला की चार उगवतात. परवा कॉम्प्युटरवर पुन्हा पाटी झळकली, 'अपडेट करा.' मुलगी म्हणाली, "बाबा, जुनंच ठेवलं की चोर शिरतात!"

मला रिसोडचं कुलूप आठवलं.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या कचेरीत कारकून होतो. रेकॉर्डरूमचं कुलूप इतकं जुनं, की त्यात किल्ली फिरतच नसे. मग चपराशी नामदेवभाऊंना हाक जाई. ते कुलपावर दोन ठोके मारत, "उघड बापा!" म्हणत, आणि ते उघडे!

*

ही विद्या गुप्त होती. म्हणजे कारकुनांना, पक्षकारांना आणि समोरच्या चहावाल्याला ठाऊक होती. साहेबांना नव्हती. ते रोज किल्ली खिशात घालून घरी नेत. सुरक्षा!

*

आमच्या हेडक्लार्कनी, बड्या बाबूंनी, नवं कुलूप मागितलं. वरून उत्तर आलं, 'कुलूप तोडून चोरी झाल्याचा अहवाल जोडावा.'

बडे बाबू म्हणाले, "नामदेवभाऊ, ओळखीचा एखादा चोर पाहा बरं!"

"चोर तोडीन कायले, बाबू? त्यालेबी दोन ठोके मालूम हायेत!"

*

एके दुपारी बकरीने दाराला शिंगं घासली. कुलूप खाली, बकरी आत! दप्तरं चघळताना सापडली.

साहेब कडाडले, "ही आत शिरली कशी?"

नामदेवभाऊ अदबीने म्हणाले, "काय सांगू, साहेब? किल्ली तं तुमच्याच खिशात हाय!"

*

मग मात्र नवं कुलूप आलं. किल्ली लोण्यासारखी फिरायची. त्याच महिन्यात नामदेवभाऊ निवृत्त झाले.

"नव्याले ठोके लागत नाहीत," ते मला म्हणाले. "आता मले कोन बलावीन, बाबू?"

"आम्हीच येत राहू की तुमच्याकडे!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. निरोपाला शाल-नारळ दिला. त्यांनी वर ते जुनं कुलूपही मागून घेतलं.

त्यांच्या गावाची, शिरपूरची, एसटी रोज होती. आम्हा कोणालाच ती सापडली नाही.

*

काही वर्षांनी कामानिमित्त शिरपूरला गेलो. नामदेवभाऊंच्या दाराला कुलूप. तेच!

इकडेतिकडे पाहिलं. दोन ठोके मारले. "उघड बापा!"

उघडं कुलूप कडीला लटकवून आत गेलो, रांजणातलं पाणी प्यालो आणि खाटेवर बसलो. थोड्या वेळाने बाहेर चपला वाजल्या आणि दारापाशी थबकल्या. मी अजून त्यांना दिसलो नव्हतो. नामदेवभाऊ मागून येणाऱ्या बायकोला ओरडले,

"लवकर चाल वो, चाय मांडा लागते! हापिसातलं कोनी आलं!"