शेवटचं शून्य

गणिताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा सी या संगणकीय भाषेतला प्रोग्रामचा तुकडा आज कंपाइल झाला, चाललाही. पण पडद्यावर ‘माणगाव’ हे गावाचं नाव उमटलं आणि त्याला भलतीच अक्षरं चिकटून आली. शेजारच्या टेबलावरची मीरा म्हणाली, “अक्षरांच्या शेवटी शून्य ठेवायचं राहिलंय. ते नसलं की मशीनला थांबायचं कळत नाही. पुढच्या जागेत जे पडलेलं असेल ते वाचत सुटतं.” मी शून्य ठेवलं. नाव जागेवर थांबलं.

संध्याकाळी घरी बाबा भाताच्या लावणीचं सांगायला लागले. त्यातच काकांचं लग्न आलं, मग कुणाचं तरी आजारपण, मग मी कधीच न ऐकलेली माणसं. मध्येच मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

थांबवावं कुठे, मला कळेना. “मग?” एवढंच विचारत राहिले.