चाचांची चाल

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला आणि मी तिथल्या वसाहतीत कारकून म्हणून राहायला आलो. वसाहतीच्या शाळेत संध्याकाळी मी नाटकाचा वर्ग चालवत असे. पुण्यात दोन वर्षं नाटक शिकल्याची घमेंड होती. वर्गात नऊ जण, बहुतेक पहिल्या पाळीचे कामगार. त्यांच्यासाठी मी एक जुनं इटालियन प्रहसन मराठीत उतरवलं. त्यात एक लबाड नोकर, भोळे प्रेमिक आणि पैशाला चिकटलेला एक म्हातारा. तिकडे ही कामं चामड्याचे अर्धे मुखवटे घालून करतात असं मी वाचलं होतं. आपल्यालाही चामड्याचेच हवेत, असा हट्ट धरला.

चिंचवड स्टेशनजवळ टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणारे एक चाचा होते. कधीकाळी घोड्यानं लाथ मारल्यामुळे त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. चालताना ते तो पाय बाहेरून फिरवून आणत आणि तोल सांभाळायला डावा हात हवेत धरत. मुखवटे त्यांनी कधी केले नव्हते. तरी ओलं चामडं लाकडी ठोकळ्यावर ताणून, ठोकून पाच करून दिले. म्हाताऱ्याचा करायला घेताना त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यो म्हातारा कसा हाय? वाईट?"

"चिक्कू आहे. मुलीचं लग्नसुद्धा फायदा बघून ठरवतो."

"मग नाक वाकडं करतो," ते हसून म्हणाले.

म्हाताऱ्याचं काम लेथवरच्या एका तरुणाकडे होतं, रत्नागिरीकडच्या. त्याला म्हातारपण काही जमेना. मी त्याला म्हणालो, "चाचांच्या दुकानात जाऊन बस. कसे चालतात ते बघ आणि तेच उचल." तो आठवडाभर रोज जाऊन बसला. त्याला काम शिकायचंय असं समजून चाचांनी त्याला चामडं टोचायची आरी धरायला शिकवलं, रोज चहा पाजला. हे मला कळलं तेव्हाच मी चाचांना खरं सांगायला हवं होतं. मला गंमत वाटली.

प्रयोगाला मीच त्यांना बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर पत्नी आणि नवा जावई. मी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं.

म्हातारा रंगमंचावर आला, पाय बाहेरून फिरवत, हात हवेत धरून. मागे बसलेल्या टांगेवाल्यांनी आधी ओळखलं. "आरं, हे तर आपलं चाचा," कुणीतरी म्हणालं आणि हशा मागून पुढे सरकत आला. लोक माना वळवून दुसऱ्या रांगेकडे बघू लागले. मला विंगेतून चाचा दिसत होते. सुरुवातीला तेही हसत होते. मग पुढे लांब करून ठेवलेला पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घ्यायचा प्रयत्न केला. तो वाकत नव्हता.

मध्यंतरात तो तरुण मुखवटा काढून माझ्याकडे आला. "मास्तर, चाचा समोरच बसलेत. मी साधा चालू का?"

"लोक हसतायत ना? मग बदलू नकोस."

हे मी गडबडीत बोललो नाही. चाचांचा चेहरा मी पाहिला होता, आणि तरी मला तो हशा हवा होता.

नाटक संपल्यावर चाचा आत आले. म्हाताऱ्याचा मुखवटा हातात घेऊन त्यांनी मागचा पट्टा ओढून पाहिला. "ढिला झालाय. उद्या पाठवा, टाका घालून देतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी सांगायचं होतं, मास्तर. जावयाला आणलं नसतं म्या."

"नाटक आहे चाचा, मनावर घेऊ नका."

"नाटक हाय ते मलाबी कळतं," ते म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुखवटा घेऊन तो तरुणच गेला. त्यानं चाचांची माफी मागितल्याचं मला इतरांकडून कळलं. पुढच्या प्रयोगात तो कमरेत वाकून, बारीक पावलं टाकत चालला. हशा कमी झाला, म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. त्यानं ऐकून घेतलं, पण चाचांसारखा पुन्हा चालला नाही.

मी दुकानावर गेलो तो तीन-चार महिन्यांनी. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. चाचांनी खोकं पुढे सरकवून मला बसवलं, चहा मागवला, आता कुठलं नाटक बसवताय म्हणून विचारलं. मी त्याबद्दलच सांगत राहिलो. चहा संपला, दोन गिऱ्हाइकं आली आणि मी उठलो.

वर्षभरात ते दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेले. गाव कुठलं, ते मी कुणाला विचारलं नाही. विचारणं काही अवघड नव्हतं.