चांदीच्या डबीतला नमुना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणी विचारलं, "पुराणिकांचा लक्ष्मीकांत काय करतो हो?" की त्याची आई मान ताठ करून सांगायची, "सरकारी रसायनशाळेत असतो." ते कानावर पडलं की लक्ष्मीकांत आतल्या खोलीत सटकायचा. रसायनशाळा कसली! दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली, खिडकीशी एक सूक्ष्मदर्शक आणि सकाळपासून रांगेत मांडलेले लोकांच्या मलाचे नमुने. कुणी पणतीत आणलेला, कुणी द्रोणात, कुणी काड्यापेटीत. काडीच्या टोकानं जरासा उचलायचा, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि डोळा लावून बसायचं. आजोबा दरबारात पूजेला होते. इंटरपर्यंत शिकलेला नातू हे करत होता.

घरी यायचा तो मागच्या दारानं. बायको, शरयू, घागर घेऊन उभीच.

"साबण लावलात?"

"लावला."

"परत लावा."

दहा वर्षं हेच. पंगतीत वाढायला तो कधी उठला नाही. कुणी ऊठ म्हटलंही नाही.

काम मात्र चोख, हे कबूल केलंच पाहिजे. बायकांच्या वॉर्डाच्या डॉक्टर सुलोचनाबाई कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या, पण त्यासुद्धा म्हणायच्या, "पुराणिकांनी नाही म्हटलं म्हणजे नाही."

१९३४च्या भाद्रपदात सरदार जयसिंहरावांच्या हवेलीतून नमुना आला. साफा बांधलेला नोकर, हातात तबक, तबकात लाल मखमलीत गुंडाळलेली चांदीची डबी, वर लाखेची मोहोर.

"रुखवत आलंय की काय!" कंपाउंडर म्हणाला.

नमुना हवेलीच्या धाकट्या सूनबाईंचा, सुधाताईंचा. वय एकोणीस. तीन आठवडे अंगात कसर, पोटात मुरडा. सुलोचनाबाईंनी पडद्याआड जाऊन स्वतःच्या हातानं दंडातून रक्त काढून आणलं होतं. आधी मुदतीचा ताप आहे का ते बघायचं ठरलं. शरीर एखाद्या जंतूशी झुंजलं की रक्तात त्याच्या विरोधातली द्रव्यं तयार होतात. रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी घ्यायचं, पातळ करत करत नळ्यांत भरायचं, त्यात त्या तापाचे मेलेले जंतू सोडायचे आणि नळ्या कोमट पाण्यात ठेवायच्या. ती द्रव्यं असली तर जंतू एकमेकांना चिकटतात, त्यांचे कण कण होऊन तळाशी बसतात. नसली तर नळी गढूळच राहते. सुधाताईंच्या सगळ्या नळ्या दुसऱ्या दिवशीही गढूळ होत्या. तिसऱ्या आठवड्यातही काही नाही म्हणजे तो ताप नव्हे.

मग त्यानं डबी उघडली. नमुना थंडगार. काचेखाली अंडीच अंडी: लांबट, पातळ कवचाची, अंकुशकृमींची. हे किडे मातीतून अनवाणी पायांत शिरतात आणि आतड्याला डसून रक्त पीत राहतात.

लक्ष्मीकांतनं लेखणी उचलली आणि थांबला. सुधाताईंच्या रक्ताचा थेंब त्यानं रक्त आलं तेव्हाच टिपकागदावर घेऊन रंगाच्या तक्त्याशी लावून पाहिला होता. डाळिंबासारखा लाल होता तो. इतके किडे पोटात असलेल्या बाईचं रक्त असं नसतं, धुतल्या कुंकवासारखं असतं. शिवाय गाडीतून उतरून गालिच्यावर पाऊल ठेवणाऱ्या सुधाताई मातीत अनवाणी चालणार कधी? रक्त एका बाईचं होतं आणि डबीतलं दुसरीचं.

हे सुलोचनाबाईंना जाऊन सांगायचं, बस्स. वीस पावलं. पण सांगितलं की हवेलीला विचारायला यालाच जावं लागणार. आदल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे त्यानं पुन्हा नमुना मागितला होता. त्या गृहस्थानं भर महाराज बाड्याच्या चौकात याला गाठलं आणि ओरडला, "देखो भाई, ये पंडित हमारी टट्टी दोबारा माँग रहा है!" पानवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे हसले. आणि ती तर सरदारांची हवेली, त्यात सूनबाई.

त्यानं लिहिलं: 'अंकुशकृमींची अंडी भरपूर.' खाली सही केली. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. वरचं नाव तेवढं खोटं.

अकरा दिवसांनी सुलोचनाबाई खोलीत आल्या आणि स्टुलावर मटकन बसल्या.

"पुराणिक, जंतांचं कडक औषध दोनदा दिलं, वर जुलाब. एक किडा पडला नाही. आता नुसतं रक्त आणि आव पडतेय. पोरीची नाडी हाताला लागत नाही. चुकतंय कुठं?"

लक्ष्मीकांतनं हातातली काच खाली ठेवली.

"बाई... तो नमुना त्यांचा नाही."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"सूक्ष्मदर्शक उचला, टांगा बोलवा. आमांशाचे जंतू असणार. नमुना गरम असतानाच बघायला हवा, निवला की ते हलत नाहीत, ओळखू येत नाहीत. आणि तिथं तुम्ही बोलायचं, मी नाही."

हवेलीच्या दिवाणखान्यात जयसिंहराव उभेच होते.

"सरकार," लक्ष्मीकांत म्हणाला, "आमच्याकडे आलं ते सूनबाईंचं नव्हतं. मला ते कळलं होतं. मी बोललो नाही."

"कळलं होतं? आणि तरी औषध चालू दिलंत?"

"होय."

"का?"

"लाज वाटली."

"लाज? आमच्या सुनेचा जीव जातोय आणि तुम्हाला लाज..." जयसिंहराव बोलता बोलता अडखळले. सुनेची डबी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून लाखेची मोहोर त्यांनीच मारायला लावली होती. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सुलोचनाबाई आत गेल्या. पडद्याआडून बारीक आवाज आला.

"नको बाई. डबी उघडणारा पुरुष असतो म्हणे, परका. त्यापेक्षा मेलेलं बरं."

"तो पुरुष बाहेर उभा आहे. त्यालाच विचारा," बाई फटकन म्हणाल्या.

लक्ष्मीकांत पडद्याकडे वळला. "वहिनीसाहेब, रोज चाळीस माणसांचं येतं. मी कुणाचं म्हणून बघत नाही. मला फक्त जंतू दिसतो, माणूस दिसत नाही."

आत बांगड्या वाजल्या. मग सुधाताई म्हणाल्या, "मथुरा, भांडं आण."

भांडं गरम असतानाच बाहेर आलं. खिडकीच्या उजेडात त्यानं सूक्ष्मदर्शकाचा आरसा फिरवला, काच सरकवली आणि त्याला ते दिसले: पारदर्शक, आकार बदलत सरकणारे, पोटात गिळलेल्या रक्ताचे लाल कण.

"आहेत, बाई."

"एमेटीन टोचायचं," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि सुई उकळायला ठेवली. पंधरा दिवसांत सुधाताई उठून बसल्या, हे इथंच सांगून टाकते.

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली. हात धुवायला पाणी घेऊन दासी आली, मथुरा. जिना चढून आली तर भिंतीला टेकून धापा टाकायला लागली. तिनं ओंजळीत साबण पुढे केला. तळहात पांढराफटक, पिठात बुडवून काढल्यासारखा. पाय अनवाणी, भेगाळलेले. लक्ष्मीकांतचे हात तसेच साबणाच्या फेसात राहिले.

"डबी में तुम्हारा था?" त्यानं हळूच विचारलं.

ती घाबरली. "बहूजी ने कहा था, हुजूर. हमारी कोई खता नहीं."

डबीतलं दुसऱ्या बाईचं आहे एवढं अकरा दिवस डोक्यात होतं. पण ती दुसरी बाई कोण, ती कुठं जिने चढतेय, तिचं रक्त कोण पितंय, हे एकदाही मनात आलं नव्हतं. माणूस दिसत नाही म्हणे! अंडी खरी होती, रोग खरा होता, औषधही बरोबर होतं. ते नको त्या पोटात गेलं. ज्या पोटात जायला हवं होतं, ते रोज त्याच हवेलीत पाणी भरत होतं.

त्यानं तिथंच नवी चिठ्ठी लिहिली. वर नाव घातलं: मथुरा.

"हमें क्या हुआ है?" ती म्हणाली. "हम तो काम करते हैं."

त्या संध्याकाळी शरयूनं घागर खाली ठेवून विचारलं, "सूनबाई वाचतील म्हणतात ना? मग तोंड का उतरलंय?"

"एका चिठ्ठीवर नाव चुकलं होतं."

"केलंत ना दुरुस्त?"

"अकरा दिवसांनी," तो म्हणाला आणि आपणहूनच दुसऱ्यांदा साबण लावायला लागला.

औषधानंतर तीन आठवड्यांनी मथुरा दवाखान्यात फेरतपासणीला आली. पायी. तबक नाही, मखमल नाही. हातात उघडी पणती. रांगेतल्या सगळ्यांसमोर तिनं ती लक्ष्मीकांतच्या टेबलावर ठेवली.

"लो पंडितजी, देख लो," ती हसून म्हणाली. "इस बार हमारा ही है, और हमारे ही नाम का."

रांग हसली. लक्ष्मीकांत सूक्ष्मदर्शकावर वाकला. काचेखाली अंडी फारशी उरली नव्हती, हे पहिल्या मिनिटातच दिसलं. तरी मथुराकडे मान वर करून बघवेना म्हणून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.