प्रयागबाईच्या माशा आन् सपनाचा निंब

माशांच्या कामात प्रयागबाईचा हात धरणारं आमच्या केनवडात कोणी नाही. कांद्याचं बियाणं फुलावर आलं की शेतकरी तिच्या दारी येतात, "काकू, पेट्या ठेवा नं आमच्या वावरात." मधमाशांच्या पेट्या. कांदा आटोपला की त्या पेट्या परत तिच्या अंगणात, निंबाखाली.

यंदा चैतात निंब असा फुलला की बस! आन् तवाच बुडाशी मेलेल्या माशा दिसू लागल्या. रोज सकाळी पसाभर. बाई त्या हातात घेऊन रडे. "पान कडू, साल कडू. मंग फुलातला रसही जहरच असन नं वो," मले म्हणे. मी शेजारीण, मले काय कळते डोंबल!

निंब तिनं सपना झाली तवा लावला होता. पोरगी नांदाले गेली, झाड अंगणात राह्यलं. पण घर चालते पेट्यांवर. बाईनं छातीवर दगड ठेवला आन् निंब तोडाले लाकूडतोड्या रामसिंगाले कुऱ्हाड घेऊन बोलावलं. सपनाचा फोन आला, तर उचलेना.

सकाळी रामसिंग फांदीले दोर बांधून राह्यला होता. तितक्यात बाईचा नवरा, मारोतभाऊ, गोठ्यामागून घमेलं घेऊन आले. पाखरायसाठी ते उन्हाळाभर तिथं पाणी ठेवतात. शिळं पाणी वाया घालवाचं नाही, झाडाले घालाचं, हा त्यायचा नेम. चष्मा लावाचा मात्र नेम नाही! त्यायनं घमेलं बुडाशी उपडं केलं. पाण्यासंगं पसाभर माशा पडल्या.

बाई पाह्यतच राह्यली. मंग कडाडली, "अवो! माशा तुमच्या घमेल्यात बुडून मरून राह्यल्या, आन् आळ माह्या झाडावर!"

"मले वाटलं, फुलोरा झडला पाण्यात," भाऊ पुटपुटले.

बाई हसाले लागली आन् हसता हसता डोये भरले. मलेही इतकं हायसं वाटलं, काय सांगू! रामसिंगानं दोर सोडला, चहा घेतला. बाईनं घमेल्यात तुराट्या टाकल्या, माशायले बसून पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी बुडाशी नुसता फुलोरा.

पुढं मध काढला. मी बोट चाटलं. गोड, मांगून जरासा कडू.

बाईनं स्वतःच सपनाले फोन लावला. "तुह्या झाडाचा मध धाडून राह्यली, पोरी," म्हणे. तिकडून सपनानं काहीतरी इचारलं.

"झाडाले काय होते?" बाई म्हणाली. "उभं हाय की."