बोललं की बंद

मामांनी त्यांचा व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर मला दिला तेव्हा बजावलं होतं, "थेट जोडू नकोस, तुझा नवा सेट जाईल." का जाईल, तेही त्यांनी सविस्तर सांगितलं. मला फारसं कळलं नाही.

घरी मीटर लावून बघितला. मी बोलायला लागले हे ॲम्प्लिफायरला ज्या सॉकेटमधून कळतं, तिथे एकशे दहा व्होल्ट होते. माझ्या ट्रान्सीव्हरच्या, म्हणजे त्या नव्या सेटच्या, पुस्तिकेत त्या कामाच्या पिनला जास्तीत जास्त सोळा लिहिलेले. हौशी रेडिओचं लायसन्स मिळाल्यावर चार वर्षं थांबून घेतलेला हा सेट. जळला असता तर दुसरा येणार नव्हता.

मध्ये एक रिले हवा, म्हणजे सेटच्या थोड्या व्होल्टवर चालणारा वेगळा स्विच, एवढं समजलं. नारपोलीत आमचे कापडाचे लूम होते तेव्हापासूनचा वायरमन बोलावला. त्याने पत्र्याच्या डबीत रिले बसवला. "भाभी, ये तो पाँच मिनट का काम. लूमवर असे किती बसवलेत."

सिग्नल हवेत जाऊ नये म्हणून अँटेनाच्या जागी डमी लोड लावला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि माइकचं बटण दाबलं. ॲम्प्लिफायर काम करतोय हे दाखवणारा दिवा विझला. बटण सोडलं, पेटला. पुन्हा दाबलं, विझला.

"मशीन शरीफ आहे," वायरमन म्हणाला. "बाई बोलायला लागली की गप्प बसते."

"मग घरी घेऊन जा," मी म्हणाले. "तुमच्या बायकोला आवडेल."

हसले खरी, पण लगेच विचार सुरू झाले. पिन गेली की काय? रिले खराब? की ॲम्प्लिफायरच असा? सगळं बंद करून डबी उघडली. नुसता ट्रान्सीव्हर लावून बटण दाबलं, तर रिले खट् वाजत होता. म्हणजे पिन शाबूत होती. मग उलटं कुठे होत होतं?

"तार रिलेच्या कोणत्या पायाला लावलीत?"

"जिथे नेहमी लावतो तिथे. धागा तुटला, रिले खट्, लूम बंद."

"इथे कुठला धागा? रिले खट् झाला की हे चालू व्हायला हवं."

त्याने डबी उचलून उलटी केली. "तो फिर बिगड़ेगा तो रुकेगा कैसे?"

प्रश्न बरोबर वाटला. मी तार शेजारच्या पायाला लावायला सांगितली. त्याने लावली, पण नाराजीने.

या वेळी बटण दाबल्यावर दिवा पेटला, ॲम्प्लिफायरच्या पॉवरचा काटा वर गेला. सोडलं, विझला. एकशे दहा व्होल्ट आता कुठे अडतात, हे वायरमनने कागदावर दोनदा काढून दाखवलं. दोन्ही चित्रं वेगळी होती.

तो गेल्यावर ट्रान्सीव्हरच्या पिनला मीटर लावला. तेरा, सोळाच्या आत. मीटरवर विश्वास बसेना, म्हणून शेजारणीचा आणून लावला. तोही तेराच म्हणाला.