ते मार्क माझे न्हाईत

देवकते मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. गाडी आली, गेली; मी बाकावरच... जालन्याच्या कॉलेजात आम्ही बरोबरीनं शिकवलं. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातल्या त्या पहिल्या शिकलेल्या बाई, बोलणं खणखणीत. शेवटच्या वर्षात मात्र त्या बोलता बोलता गप्प व्हायच्या. सुरुवात संगीताच्या तक्रारीपासून झाली.

संगीता केदारखेड्याची, जन्मापासून अंध. तिला पुस्तकं वाचून दाखवायला आणि परीक्षेत ती सांगेल ते लिहायला कॉलेजनं गोरे सरांना कंत्राटावर ठेवलं होतं. माणूस मायाळू. तिची तक्रार ऐकून सगळे चक्रावले : सर तिची उत्तरं सुधारून लिहितात!

"मार्क वाढले ना, मंग तक्रार कशाची?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"ते मार्क माझे न्हाईत," संगीता म्हणाली. "मला काय येतं, हे मलाच कळून न्हाई राह्यलं."

चौकशी मॅडमकडं होती. गोरे सरांनी काही लपवलं नाही. "पोरगी सांगताना अडखळते. मी थोडं बराबर करून लिहायचो. वाईट केलं का?"

मॅडमनी संगीताची चाचणी पुन्हा घेतली, लिहायला स्वतः बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "ती चुकीचं सांगत होती अन् मी तसंच लिहीत होते. हात आवरताना जीव गेला गं." संगीता जेमतेम पास झाली, पण खूश होती.

सरांना समज द्यावी, कामावर ठेवावं, असं मॅडमनी सुचवलं होतं. संस्थेनं काढूनच टाकलं. मॅडम भांडल्या, उपयोग झाला नाही. मग मस्तगडला सरांच्या घरी गेल्या. त्यांनी दारातूनच परत पाठवलं, बोलूही दिलं नाही. त्यानंतर स्टाफरूममध्ये मॅडम मधेच विचारायच्या, "मी दुसरं काय करायला पाहिजे होतं?"

मॅडमच्या तेराव्याला गोरे सर आले. मला हळूच नमस्कार म्हणाले. शेजारी बसलेल्या संगीतानं आवाज ओळखला.

"सर, माझी तक्रार तुमच्या लिहिण्याची होती, वाचण्याची न्हाई. तुमच्यासारखं कुणीच वाचत न्हाई. मॅडमला मी तेच सांगितलं होतं."

"कधी?"

"त्या तुमच्या घरी निघाल्या, त्याच सकाळी. तेच सांगायला आल्त्या त्या."

सर मॅडमच्या फोटोसमोर जाऊन खाली बसले. पंगत उठली, माणसं पांगली, तरी ते तिथंच बसून होते.